बावीस वर्षांत एकदाही नाही

आमच्या इमारतीचा सेक्रेटरी कागद घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी चहात बिस्कीट बुडवत होते. त्याच्याकडे बघण्यात बिस्कीट जास्त वेळ बुडलं आणि तुटून तळाशी गेलं. सुरुवातच वाईट झाली.

"जिन्याखालची जागा रिकामी करायचीय," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी रंगारी येतायत. चालत्या गाड्या परत ठेवता येतील, भंगार ठेवता येणार नाही. खाली नोटीस लावलीय, वाचली नाहीत का?"

"मी चौथी शिकलेय. तुझं अक्षर वाचायला कॉलेज लागतं."

तो माझ्याहून अठरा वर्षांनी लहान आहे, म्हणून मी त्याला अरेतुरे करते. सेक्रेटरी झाल्यापासून त्याला ते आवडत नाही. म्हणून तर मी करते.

"तुमची ती सायकल," तो कागदाकडे बघत म्हणाला. "अकरा वर्षं मरून पडलीय तिथे. नेऊन टाका कुठेतरी."

"मेली म्हणू नकोस. बावीस वर्षं रोज धावली ती. पाठीवर अंड्यांचे आठ ट्रे घेऊन. बावीस वर्षांत एकदाही पंक्चर झाली नाही. तू मात्र तुझी स्कूटर महिन्यातून दोनदा ढकलत आणायचास."

यावर त्याने चिडायला हवं होतं. त्याऐवजी त्याने ओठ आवळले, भिंतीकडे तोंड केलं आणि खोकला. मला तो खोकला खोटा वाटला, पण त्याच्या घशाची चौकशी करायला मी काही त्याची आई नव्हे. "शनिवारपर्यंत," एवढं म्हणून तो गेला. मी चहा मोरीत ओतला.

दुपारी जिन्याखाली जाऊन बघितलं. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांनी बघितलं. रोज तिच्या शेजारून ये-जा करते, पण जाणं वेगळं आणि बघणं वेगळं. सीटचं कातडं फाटून आतली स्प्रिंग वर आली होती. घंटी गंजून गप्प झालेली. कुणीतरी हँडलला तुटकी छत्री अडकवून ठेवली होती. दोन्ही टायर बसलेले, एखादी बाई थकून फरशीवर पाय पसरून बसते तसे.

ही सायकल मी माझ्या कमाईतून घेतली, अडतिसाव्या वर्षी. आधी डोक्यावर ट्रे घेऊन चार घरं करायचे. सायकल आल्यावर शहराबाहेरच्या पोल्ट्रीतून अंडी आणून दोन बेकऱ्या, एक कारखान्याची कँटीन आणि साठ घरं करू लागले. आमचे हे कापडाच्या गोदामावर रात्रीचे पहारेकरी होते. सकाळी ते यायचे आणि मी निघायचे. उंबरठ्यावरच काय ते बोलणं व्हायचं. बोलायचे मीच. ते "बरं" म्हणायचे. कशालाही बरं. छप्पर गळतंय, बरं. थोरली नापास झाली, बरं. तुमच्याशी लग्न करून माझं वाटोळं झालं, बरं.

सायकल घेतली त्याच महिन्यात मला ताप आला, म्हणून एक दिवस हे अंडी आणायला गेले आणि बेकरीच्या वळणावर भिंतीला धडकले. दोन ट्रे फुटले. शर्ट, चेन, हँडल, सगळं पिवळं करून घरी आले. मी अंथरुणातून उठले आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आजपासून या सायकलीला हात लावायचा नाही. लावलात तर तुमच्या हातचं पाणी पिणार नाही मी."

"बरं," ते म्हणाले.

पुढे बावीस वर्षं त्यांनी सायकलीला हात लावलेला मी बघितला नाही. दुपारी दोन ते चार मी झोपायचे, तेव्हा ते उठून जिन्याखाली जाऊन बसायचे. माझ्या तोंडापासून लांब बसून सिगरेट ओढतात, असं मी धरून चालले. चार वाजता मी हाक मारायचे, "अहो, झाली का अंडी उबवून?" ते हात धुवायला मोरीवर जायचे. टॉवेलावर काळी बोटं उमटायची. "पहारा देता का कोळसा खणता?" मी विचारायचे. उत्तर ठरलेलं.

लोकांत मात्र मी सायकलीचं कौतुक करायची एकही संधी सोडली नाही. नणंदेच्या मुलाच्या लग्नात, भरल्या पंगतीत, हे शेजारी बसलेले असताना मी म्हणाले होते, "आमच्या घरात न सांगता काम करणारं एकच आहे, माझी सायकल." सगळे हसले. हेसुद्धा हसले. मला वाटलं, बघा, लाजही वाटत नाही.

ते गेले त्याआधी नऊ दिवस दवाखान्यात होते. सोळाव्या दिवशी मी पुन्हा कामाला निघाले, कारण घरात बसून भिंती किती बघणार. आठ ट्रे घेऊन येत होते आणि बेकरीच्या वळणावर मागचं चाक बसलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तिथेच रस्त्यात उभी राहिले. जी कधी पडली नाही ती सोळाव्या दिवशी पडते, त्याला पंक्चर म्हणत नाहीत, असं मला वाटलं. चालत, ढकलत घरी आणली, कुलूप घातलं, आणि विचारायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, "तिलाही कळलं. तिनेही जीव सोडला." अंड्यांचं काम मी त्या दिवशी बंद केलं. माझी घरं दुसऱ्या कुणीतरी घेतली.

त्या दिवसापासून मी घरातच आहे. खिडकीतून समोरच्यांचे कपडे वाळताना बघते.

रविवारी संध्याकाळी थोरलीचा फोन येतो. धाकटा परदेशात असतो, तो वर्षातून दोनदा करतो आणि दोन्ही वेळा घाईत असतो. थोरलीला सायकलीचं सांगितलं.

"अगं आई, मग दे ना मला. गेटपाशी उभी करते. पुढे बास्केट लावून कुंड्या ठेवते. पांढरा रंग देऊ, छान दिसेल."

"ती अंडी नेणारी बाई आहे, तुझ्या गेटवरची बाहुली नाही."

"मग काय करणारेस? आणि तूही इकडे ये आता. एकटी काय करतेस तिथे? जिन्यावरून पडलीस तर चार दिवस कुणाला कळायचं नाही."

"वरचीला कळेल. मी पडले की तिला आनंद होईल, ती बघायला येईल."

वरची म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारी. तिचं-माझं जुनं वाकडं. त्याची दोन कारणं. एक, ती रोज दुपारी बरोबर चारला भांडं आपटायची, माझ्या डोक्यावर, मी उठत असताना. दुसरं, दोरीवर वाळत घातलेली माझी शेकायची लाल रबरी पिशवी एकदा गायब झाली, आणि त्या दोरीपर्यंत हात फक्त तिच्याच खिडकीतून पोचायचा. मी तिला चोरटी म्हणाले. दोन वर्षं बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण तसं बोलणं जिन्यावरचं. पाणी आलं का, गेलं का, एवढंच.

"आई, विषय बदलू नकोस," थोरली म्हणाली. "सायकल टाकून तरी दे."

टाकून देणारच होते. पण सेक्रेटरीचा तो खोकला माझ्या डोक्यातून जात नव्हता. मेली म्हणाला ना, मग जिवंत करून त्याच्या दारासमोरून नेते, असं ठरवून मंगळवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली. मागच्या रस्त्यावरच्या दुकानापर्यंत ढकलत नेली. पाच मिनिटांच्या वाटेला वीस लागली. रिम रस्त्याला घासून असा आवाज करत होती की माणसं वळून बघत होती. मी मान ताठ ठेवली.

सायकलवाला चाळिशीचा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. "या आजी," म्हणाला.

"आजी मी माझ्या नातवंडांची. काय काय लागेल ते सांग."

त्याने सायकल उलटी केली, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. सांगाडा चांगला आहे म्हणाला. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकची रबरं, सीट, सगळं नवं. "होईल. पण चालवणार कोण, मावशी?"

"एकदाही पंक्चर झाली नाही," मी म्हणाले. "बावीस वर्षांत. शेवटी एकदा झाली, तीही वेगळ्या कारणाने."

त्याने पान्याने मागचं टायर उचकटलं. आतली ट्यूब टायरला चिकटून बसली होती. हळूहळू ओढून काढली आणि फळीवर पसरली. मग चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"मावशी, पंक्चर झालीच नाही म्हणता?"

"का?"

त्याने बोट ठेवत ठेवत मोजलं. सत्तावीस ठिगळं. एकाला एक लागून, कुठे एकावर एक. मी जवळ वाकले. आधीची चौकोनी होती, कोपरे उचललेले, चिकटवायचं सोल्यूशन बाहेर सांडलेलं. पुढची पुढची गोल होत गेली होती. शेवटची तर अशी की कडा घासून कागदासारख्या पातळ केलेल्या. मी त्यावरून अंगठा फिरवला तर ठिगळ कुठे सुरू होतं ते लागलं नाही.

"ज्याने कुणी केलंय त्याला आधी येत नव्हतं," सायकलवाला म्हणाला. "मग आलं. हे शेवटचं मलाही असं जमणार नाही."

मधेच चार ठिगळं लाल होती. जाड, लाल, खरखरीत नक्षीची. ती नक्षी मी ओळखली. कित्येक थंडीच्या दिवसांत ती माझ्या कमरेखाली होती.

सायकलवाला तोवर टायरच्या आतून बोट फिरवत होता. "आणि हे तुमचं वेगळं कारण," म्हणाला आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. हिरव्या काचेचा तुकडा, गव्हाच्या दाण्याएवढा. "दहा मिनिटांचं काम होतं. एवढ्यासाठी अकरा वर्षं उभी केलीत?"

मला खाली बसावंसं वाटलं. दुकानात एकच स्टूल होतं आणि त्याच्यावर चाक ठेवलेलं. मी उभीच राहिले.

"काही करू नकोस अजून," मी म्हणाले. "तशीच राहू दे."

"शुक्रवारपर्यंत सांगा. मग मला जागा लागेल."

घरी आले ती सरळ वर गेले. वरचीच्या दारात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आता तिला कमी ऐकू येतं. तीन वेळा कडी वाजवली तेव्हा तिने दार उघडलं, हातात अर्धा सोललेला बटाटा.

"काय झालं? पाणी गेलं?"

"माझी शेकायची पिशवी सापडली," मी म्हणाले.

"काय?"

"पिशवी. लाल. तुला चोरटी म्हणाले होते ती."

"कुठे सापडली?"

"सायकलच्या चाकात."

तिने बटाटा खाली ठेवला. मला वाटलं आता ही माझी वाट लावणार, आणि लावू दे असंही वाटलं. पण ती म्हणाली, "हां. ती फाटली होती तळाशी. मीच ती खिडकीतून काढून दिली, कापली त्यांनी. माझ्याच कात्रीने."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या जिन्याला माहीत होतं. तू सोडून." ती आत जाऊन बसली, म्हणून मीही आत गेले. तिची खोली माझ्याच खोलीसारखी, फक्त सगळं एक मजला वर. "तू झोपलीस की ते सायकल उलटी करायचे, रुतलेली काच नाहीतर काटा चाक बसायच्या आत काढून ठिगळ लावायचे. सेक्रेटरी तेव्हा कॉलेजात होता, तो पंप धरायचा. मी वरून कान द्यायचे. झोपेतून उठलीस की पहिली तू खोकायचीस, मला वर ऐकू येईल असा खोकला. तो ऐकू आला की मी भांडं आपटायचे. की ते आवरायचे."

"रोज चारला."

"रोज चारला. आणि मग तू वर बघून मला शिव्या द्यायचीस."

"सांगितलं का नाहीस? मी दोन वर्षं तुझ्याशी बोलले नाही."

"तू विचारलंस कुठे? तू तर येऊन सुनावलंस." तिने साडीच्या पदराला हात पुसले. "मी त्यांना म्हणाले होते, सांगून टाका हो, मला चोरटी म्हणतेय ती. ते म्हणाले, सांगितलं तर ती सायकल विकेल. माझ्या हातची म्हणून. तुझा स्वभाव ना तो."

ते खरं होतं. विकलीच असती.

"म्हणजे मी सगळीकडे सांगत फिरायचे," मी म्हणाले, "एकदाही पंक्चर नाही, एकदाही नाही. आणि तुम्ही सगळे तोंडावर हात ठेवून हसायचात."

"काय?"

मी मोठ्याने पुन्हा म्हणाले. असलं वाक्य दोनदा म्हणावं लागणं वाईट.

"हसायचो की," वरची म्हणाली. "पण ते हसायचे नाहीत. तू खाली कुणाला तरी सांगायला लागलीस की ते जिन्यात थांबायचे. पूर्ण ऐकायचे. मग कामावर जायचे."

मी उठले. तिने बटाटा परत हातात घेतला. "चहा घेशील?" तिने विचारलं, तोवर मी चार पायऱ्या उतरले होते. परत चढणं मला जमलं नाही. गुडघ्यामुळे नाही.

बुधवार आणि गुरुवार मी घरात बसले. समोरच्यांनी चादरी वाळत घातल्या होत्या. रात्रभर पहारा देऊन आलेला माणूस सकाळी आठला झोपणार आणि दोनला उठणार, ही झोप तरी किती झाली. आणि उठून पहिलं काम काय, तर बायकोने हात लावू नको म्हटलेली सायकल. त्यांना मी आळशी म्हणत आले होते. म्हणत होते नाही, आजही म्हणते. परवा थोरलीलाच म्हणाले होते, तुझे बाबा बसून होते, संसार सायकलीने ओढला.

सायकल नीट करावी तर ती जिन्याखाली उभी राहणार, आणि मला दिवसातून चार वेळा तिच्यावरून जावं लागणार. प्रत्येक वेळी ते "न सांगता काम करणारं एकच" आठवणार. भंगारात द्यावी तर निदान डोळ्यांआड होईल. सेक्रेटरीही खूश, थोरलीही खूश. आणि मग तिच्याकडे जायलाही मला काही अडचण उरणार नाही. गेटपाशी मीच बसेन, कुंड्यांच्या जागी.

शुक्रवारी दुकानात गेले. सायकल सुटी केलेली होती. चाकं भिंतीला, सांगाडा आकड्याला टांगलेला. आतला तो सांगाडा एवढा लहान दिसत होता.

"भंगारात दे," मी म्हणाले.

"बरं," सायकलवाला म्हणाला.

तो दुसऱ्या कुणाच्या चाकाचं काम करत होता. वर न बघता त्याने फळीवरची ट्यूब उचलली आणि कोपऱ्यातल्या पिंपात टाकली. पिंपात तसल्या पन्नासेक ट्यूबा असतील. मी जाऊन आत हात घातला आणि शोधून काढली. लाल ठिगळांमुळे लगेच सापडली.

"पंक्चर काढायला किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"मला दहा मिनिटं. नवशिक्याला अर्धा तास, आणि हवा राहीलच असं नाही."

मी ती पहिली चौकोनी ठिगळं बघत होते. कोपरे उचललेले, म्हणजे पुन्हा निघाली असणार, पुन्हा लावली असणार. शिकवणारं कोणी नव्हतं. विचारायची सोय नव्हती. आणि मी वर पंखा लावून झोपलेली. तेही समजू शकते मी. पण माझ्या पदराच्या गाठीत ती काच होती, मंगळवारपासून. ती काढून बघितली आणि मला राग आला. त्यांचा नाही, माझाच, आणि तोही या दाण्याएवढ्या गोष्टीवरून. बेकरीच्या वळणावर मी चाकाकडे वाकून बघितलंसुद्धा नव्हतं. वाकले असते तर दिसली असती. अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की सायकलीने जीव सोडला. तिने काही सोडलं नव्हतं. दुपारी दोन वाजता खाली येणारा माणूस नव्हता, एवढंच झालं होतं.

माझे बरे निर्णय मी रागातच घेतलेत. लग्न सोडून.

"भंगारात नको," मी म्हणाले. "कर दुरुस्त. टायर-ट्यूब नवी घाल, रंग देऊ नकोस. ही जुनी मी नेते. आणि स्टुलावरचं ते चाक उचल, मला बसायचंय."

"चालवणार कोण पण?"

"तुला दिसत नाही का कोण उभं आहे समोर?"

"मावशी, वय..."

"वय माझं आहे, मी बघेन. तू मला पंक्चर काढायला शिकव."

त्याने चष्मा वर सरकवला. "पंक्चर झाली तर इथे आणा की. मी आहे."

"तू आहेस," मी म्हणाले. "पण रोज दुपारी दोनला तू काही जिन्याखाली येणार नाहीस."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्याने चाक उचललं. तीन दुपारी मी तिथे बसले. पाना कसा घालायचा, ट्यूब चिमटू द्यायची नाही, घमेल्यात पाणी घेऊन बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. घासकागदाने घासायचं, सोल्यूशन लावून थांबायचं. थांबायचं हे मला सगळ्यात कठीण गेलं. "ओलं असताना चिकटवू नका," तो पुन्हा पुन्हा सांगायचा, "सुकू द्या, मग धरतं." माझं पहिलं ठिगळ चौकोनी झालं. कोपरे उचललेले. मी त्याला सांगितलं, राहू दे, बरोबर आहे.

दरम्यान शनिवार आला, जिन्याखाली रंग दिला गेला. सोमवारी मी सायकल आणून परत तिच्या जागी लावली तेव्हा सेक्रेटरी वर उभा होता.

"चालती गाडी आहे," मी म्हणाले. "नियमात बसते. पंप धरायला येतोस का?"

त्याचा चेहरा कान पिळल्यासारखा झाला. तीस वर्षं मागे जाऊन तो पुन्हा कॉलेजातला दिसायला लागला. "काकांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. मी पंप त्याच्या हातात दिला. तोच म्हणाला, "मागच्या चाकात थोडी कमी ठेवायचे ते. अंड्यांना धक्का बसू नये म्हणून."

हेही मला माहीत नव्हतं. मी थोडी हवा सोडली.

पहिले दोन दिवस आवारात फिरवली. तिसऱ्या दिवशी पोल्ट्रीपर्यंत गेले. अर्धा रस्ता चालवत, अर्धा ढकलत, कुणी बघतंय असं वाटलं की चालवत. पोल्ट्रीत सगळे नवे होते. कुणी ओळखलं नाही. एक ट्रे घेतला, सवयीने. कॅरियरला बांधून निघाल्यावर लक्षात आलं की घरी मी एकटी आणि अंडी तीस. बेकरीच्या वळणावर बेकरी नव्हती. तिथे मोबाइलचं दुकान झालंय. ती भिंत मात्र आहे. मी उतरून चालत वळले.

जुन्या घरांपैकी तीन दारं वाजवली. एका दारात तरुण मुलगी आली, म्हणाली आम्ही ऑनलाइन मागवतो. दुसरं बंद होतं. तिसऱ्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू मेली नाहीस होय?" तिने सहा घेतली. सहा वरचीच्या दारात ठेवली आणि कडी न वाजवता खाली आले. नंतर वरून भांडं आपटल्याचा आवाज आला. चार वाजलेले नव्हते. म्हणजे अंडी मिळाली असावीत.

उरलेली अठरा मी आठ दिवस खात होते.

काल रविवार. दुपारी जिना उतरले तर मागचं चाक बसलेलं. दोन वाजले होते. आजूबाजूला कोणी नव्हतं, समोरच्या दुकानाचं शटरही अर्धं खाली. मी घरातून घमेलं आणलं, पाना आणला, सायकल उलटी केली. ती उलटी करताना कंबर धरली, तेव्हा ती लाल पिशवी असती तर बरं झालं असतं असं वाटलं. ट्यूब काढली, पाण्यात फिरवली. बुडबुडा आला. सोल्यूशन लावलं आणि थांबले. जिन्याखाली बसून थांबायचं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तिथून आमच्या दाराची फक्त खालची फट दिसते. आतला पंखा ऐकू येतो. बाकी काही नाही. रोज दोन तास ते ही फट बघत बसले असतील.

एक तास दहा मिनिटं लागली. हवा भरली. राहिली.

संध्याकाळी थोरलीचा फोन आला तेव्हा मी नुकतीच वर आले होते. हातही धुतले नव्हते.

"आई, ती सायकल खरंच चालवतेस तू? सेक्रेटरी काका सांगत होते. मला नाही पटत हं हे. जुनी गाडी, रस्त्यात कुठे बंद पडली, पंक्चर झाली तर काय करशील? बाबाही नाहीत."

"तुझ्या बाबांचं नाव मधे आणू नकोस," मी म्हणाले. तिला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते. पुढे काहीतरी सांगायचं होतं. पिशवीचं, भांड्याचं, लग्नातल्या पंगतीचं. पण ते फोनवर कुठून सुरू करणार, आणि तिकडे तिचा कुकर शिट्ट्या देत होता.

"तसं नाही ग. पण पंक्चर झाली तर?"

"माझी सायकल?" मी म्हणाले. "होत नाही ती पंक्चर. बावीस वर्षांत एकदाही झाली नाही."

"धन्य आहे तुझी," ती हसली. "बरं. ठेवते मग."

"बरं," मी म्हणाले.

फोनवर काळी बोटं उमटली होती. मोरीवर जाऊन हात धुतले, पण वंगण एका धुण्यात जात नाही. टॉवेलाला पुसले तर तिथेही उमटली, पाचही. मी तो टॉवेल तसाच दोरीवर टाकला. ओरडायला घरात कोणी नव्हतं.